शिक्षक या पेशात का टिकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर तीस वर्षे शिकवून मी निवृत्त झालो. डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका करणारी मुले, नुकतेच रुजू झालेले शिक्षणसेवक (मानधनावरचे नवे शिक्षक), विनाअनुदानित म्हणजे शासनाचे अनुदान नसलेल्या शाळांतील शिक्षक आणि कधी कधी त्यांचे आईवडीलसुद्धा तेच ते प्रश्न पाठवीत असतात. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहिण्याऐवजी ते येथे क्रमाने घेतले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील परिस्थितीपुरती आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे आला असेल, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिक्षक नोकरी सोडतच नाहीत, मग ते "का टिकतात" हा प्रश्न येतोच कुठे?

जिल्हा परिषदेचा किंवा अनुदानित शाळेचा कायम शिक्षक राजीनामा देऊन गेला, अशी उदाहरणे माझ्या पूर्ण नोकरीत मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आढळली. त्यामुळे प्रश्न वरवर निरर्थक वाटतो. मात्र टिकण्याचे तीन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. पहिला प्रकार नोकरीत टिकण्याचा, म्हणजे सेवापुस्तकात नाव चालू राहण्याचा. दुसरा एखाद्या शाळेत किंवा गावात टिकण्याचा. तिसरा शिकवण्यात टिकण्याचा, म्हणजे पंधराव्या वर्षीही उद्याच्या तासाला काय करायचे याचा विचार आदल्या रात्री मनात येण्याचा. पहिल्याची कारणे बहुतांशी आर्थिक आहेत आणि ती लपवण्याचे काही कारण नाही. तिसऱ्याची कारणे वेगळी आहेत, आणि पुढील उत्तरांत माझा रोख मुख्यतः त्यांच्यावर आहे.

२. खरे सांगा, सगळे पगारासाठीच टिकतात ना?

नोकरीत टिकतात ते बऱ्याच अंशी पगारासाठी, हे खरे आहे. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मिळतो. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते आणि चोवीस वर्षांनंतर पात्र शिक्षकांपैकी काहींना निवड श्रेणी मिळते. ज्या तालुक्यात पावसावर भात आणि नागली घेतली जाते व उरलेले वर्ष मजुरीवर निघते, तेथे दरमहा ठरलेल्या दिवसांत खात्यावर येणारी ही रक्कम घराला किती आधार देते, हे शहरात बसून नीट कळत नाही. शिवाय शिक्षक पतसंस्थेचे कर्ज असते, आणि त्या कर्जाला सहकारी जामीनदार असतात. नोकरी सोडणारा माणूस आपल्याबरोबर दोन जामीनदारांनाही अडचणीत आणतो, हा मुद्दा कोणत्याही भाषणात येत नसला तरी शिक्षकांच्या खोलीत तो सर्वांना ठाऊक असतो.

तरीही एक गोष्ट पगाराने उलगडत नाही. वार्षिक वेतनवाढ सर्वांना सारख्याच दराने मिळते. मन लावून शिकवणाऱ्याला आणि फळ्यावर तारीख लिहून बसणाऱ्याला पगाराचा आकडा एकच असतो. असे असताना पहिला तसाच का राहतो आणि दुसऱ्यासारखा का होत नाही, याचे उत्तर प्रश्न ६ आणि ७ मध्ये आहे.

३. शिक्षणसेवकाची तीन वर्षे इतक्या कमी मानधनावर लोक का काढतात?

राज्यात २००० पासून शिक्षणसेवक योजना आहे आणि नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधनावर काम करावे लागते. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिक व उच्च प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये आहे. त्याआधी प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला ६,००० रुपये मिळत असत. घरापासून चार-पाचशे किलोमीटरवर नेमणूक झालेला तरुण त्यातून खोलीचे भाडे, जेवण आणि सणाला गावी जाण्याचे एसटीचे तिकीट भागवीत असे.

ते हे का सोसतात, याचे कारण या तीन वर्षांत नव्हे, तर आधीच्या काळात शोधावे लागते. पवित्र पोर्टल या शासनाच्या संकेतस्थळावरून होणाऱ्या शिक्षक भरतीसाठी आवश्यक असलेली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. पाच वर्षे अभ्यासिकेत काढलेल्या माणसाला तीन वर्षांचे मानधन ही शिक्षा वाटत नाही; निदान मोजता येणारी मुदत वाटते. माझा सल्ला इतकाच, की या तीन वर्षांत "कायम झाल्यावर बघू" असे म्हणून शिकवणे पुढे ढकलू नका. पहिल्या तीन वर्षांत लागलेली सवय, चांगली असो वा वाईट, नंतर सहसा सुटत नाही.

४. विनाअनुदानित शाळेत पगारच नसतो, मग तेथील शिक्षक वर्षानुवर्षे का थांबतात?

सर्वांत जास्त पत्रे याच प्रश्नाची येतात, आणि अनेक पत्रांत विचारणारा "एका मित्राची गोष्ट" सांगत असला तरी ती त्याची स्वतःचीच असते.

मागची हकिगत थोडी सांगावी लागेल. शासनाने एका टप्प्यावर "कायम विनाअनुदानित" तत्त्वावर शाळांना परवानग्या दिल्या. २००९ मध्ये त्यातील "कायम" हा शब्द वगळला गेला आणि या शाळांना केव्हा तरी अनुदान मिळेल, अशी वाट मोकळी झाली. २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान सुरू झाले आणि पुढचे टप्पे वीस-वीस टक्क्यांनी, प्रत्येक वेळी आझाद मैदानावरच्या आंदोलनांनंतर, येत गेले. म्हणजे आशा पूर्णपणे खोटी ठरली नाही आणि पूर्णपणे खरीही झाली नाही. माणसाला थांबवून ठेवण्यास अशी अर्धी आशा फार प्रभावी असते. दुसरे उदाहरणही सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. वस्तीशाळांचे शिक्षक सुरुवातीला महिना हजार रुपये मानधनावर वाड्यापाड्यांवरची मुले गोळा करून शिकवीत होते आणि २०१४ मध्ये त्यांना नियमित करण्यात आले. "त्यांचे झाले, आपलेही होईल" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे.

त्यात वयाची भर पडते. सरळसेवेसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही कमाल वयोमर्यादा आहे. पंचविशीत रुजू झालेला शिक्षक अनुदानाची वाट पाहत असताना ही मर्यादा ओलांडून जातो आणि मग शाळा सोडली तर हातातील सेवेची वर्षेही जातात. दहा वर्षे घातल्यानंतर अकरावे घालणे त्याला भाग पडते. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवणी, सुट्टीत द्राक्षांच्या हंगामात हिशेबनिसाचे काम, अशी गुजराण करणारे पदव्युत्तर शिक्षक मी पाहिले आहेत.

याला टिकणे म्हणावे की अडकणे? माझ्या मते दोन्ही एकाच माणसात असतात. सकाळी अकरा वाजता तो वर्गात असतो तेव्हा तो टिकलेला असतो, आणि महिनाअखेरीस किराणा दुकानासमोरून जाताना अडकलेला. मात्र अशा शिक्षकाचा गौरव करताना "शिक्षकी हे व्रत आहे" असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. व्रत माणूस स्वतःच्या इच्छेने धरतो आणि त्याला उद्यापनही असते. पगार न देणाऱ्याने दुसऱ्याच्या उपासाला व्रत म्हणणे योग्य नाही.

ज्यांना आता अशा शाळेत रुजू व्हायचे आहे त्यांनी तीन गोष्टी कागदावर पाहाव्यात: शाळा अनुदानास पात्र घोषित झाली आहे का, आपल्या पदाला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळणार आहे का, आणि संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शाळेला मंजूर झालेल्या पदांच्या यादीत, ते पद दिसते का. संस्थाचालकांच्या तोंडी आश्वासनावर आयुष्याची दहा वर्षे लावू नयेत.

५. खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून मात्र शिक्षक दोन वर्षांत निघून जातात. असे का?

कारण तेथे थांबण्यासारखी मुदत, श्रेणी किंवा आशा यांपैकी काहीच नसते. पगार बोलीवर ठरतो आणि अनेक ठिकाणी मे महिन्याचा मिळतही नाही. ज्या थांबतात त्यांच्यात स्त्रियांची संख्या मोठी आहे. घराजवळची शाळा आणि स्वतःच्या मुलांना फीमध्ये मिळणारी सवलत ही त्यांची नेहमीची कारणे आहेत. काही जणी खरोखर उत्तम शिकवतात आणि कोणी दखल घेत नसतानाही शिकवीत राहतात. त्यांचे कारण पुढच्याच उत्तरात आले आहे.

६. मग वर्गात असे काय असते, की माणूस तीस वर्षे तेथे रमतो?

प्रसंग सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात मुले खताच्या रिकाम्या गोणीची खोळ करून डोक्यावर घेऊन शाळेत येत. दुसरीतील एक मुलगी पुढे बसलेल्या मुलाच्या वाळत घातलेल्या खोळीकडे बराच वेळ पाहत होती. नंतर उठून माझ्याकडे आली आणि विचारले, "सर, यूरियाला दुसरा उकार का दिलाय?" गोणीवर हिंदीत "यूरिया" असे छापलेले होते. तिने आधीच्या आठवड्यातच पहिला आणि दुसरा उकार पक्का केला होता, आणि मी सांगितलेल्या नियमाशी गोणी जुळत नव्हती. पाच महिन्यांपूर्वी ही मुलगी शाळेत एक शब्द बोलत नसे. घरी कोकणा बोली, शाळेत पुस्तकाची मराठी, आणि दोन्हींच्या मध्ये ती गप्प. आता ती छापील अक्षराला जाब विचारत होती.

या प्रसंगाला साक्षीदार कोणी नव्हता. त्याची नोंद कोणत्याही अहवालात झाली नाही आणि त्याबद्दल मला कोणी शाबासकी दिली नाही. पण त्या दिवशी घरी जाताना मला मोटारसायकल ढकलत घाट चढावा लागला असता, तरी चालले असते. शिकवण्यात टिकणाऱ्या बहुतेक शिक्षकांकडे असे पाच-पंचवीस प्रसंग असतात. ते त्यांना तारखेसकट आठवतात आणि निवृत्तीच्या भाषणात मात्र ते त्यांतील एकही सांगत नाहीत.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. पहिली-दुसरीच्या शिक्षकाला आपल्या कामाचे फळ काही महिन्यांत, डोळ्यांदेखत दिसते. जूनमध्ये अक्षर न ओळखणारे मूल साधारण संक्रांतीच्या सुमारास "वाचायला लागले", असे आम्ही म्हणतो, आणि या "लागण्याला" निश्चित असा दिवस असतो. कचेरीतील कामात असा दिवस येत नाही. शिवाय हे फळ शिक्षकाला आपले वाटते, कारण ज्या घरात आईवडिलांना वाचता येत नाही तेथे त्याचे श्रेय वाटून घेणारा दुसरा कोणी नसतो. तिसरे म्हणजे जून पुन्हा येतो. गेल्या वर्षी ज्या मुलापाशी आपण हरलो, त्याची खंत राहते, पण नवा पट समोर असतो आणि यंदा वेगळे करून पाहता येते.

या आनंदाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो रोज येत नाही. आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. मोठ्या माध्यमिक शाळेत दिवसाला सहा तुकड्यांवर जाऊन भूगोल शिकवणाऱ्याला तो फार क्वचित मिळतो आणि तेथील शिक्षकांना विषयाची गोडी अधिक धरून ठेवते. आणि मुले वर्षातले चार महिने आईवडिलांबरोबर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर किंवा उसाच्या फडावर जात असतील, तर शिक्षकाने लावलेली घडी दरवर्षी दिवाळीनंतर विस्कटते. अशा शाळेत टिकणाऱ्याला मी अधिक मानतो.

७. चांगला अधिकारी मिळाला तर शिक्षक टिकतात, असे म्हणतात. ते खरे आहे का?

अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतो. चांगला असला तर दिवस बरे जातात, वाईट असला तर मीटिंगच्या दिवशी पोटात गोळा येतो, यापलीकडे त्याचा परिणाम टिकत नाही. माझ्या अनुभवात खरा फरक सहकाऱ्याने पडतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात आणि आपल्या राज्यात अशा द्विशिक्षकी शाळा अगणित आहेत. चार इयत्ता, दोन खोल्या आणि दोन माणसे. या दोघांचे जमले तर एक जण पहिली-दुसरी घेतो, दुसरा तिसरी-चौथी, आणि दुपारच्या सुट्टीत डबा खाताना "तो गणेश हातचा घेतच नाही, तू काय करतोस?" असे बोलणे होते. न जमले तर त्याच चार भिंतींत वर्षानुवर्षे अबोला चालतो. नवरा-बायकोला निदान माहेर असते.

दुसरा आधार केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, शिक्षण परिषदेचा. तिच्यात भाषणे पुष्कळ होतात, पण बाहेर व्हरांड्यात जे बोलणे होते त्यातून मी अधिक शिकलो. सध्या परिषदेची जागा मोबाईलवरच्या गटांनी घेतली आहे आणि तेथे बहुतेक संदेश "लिंक तातडीने भरावी" असे असतात. हा बदल मला काळजीचा वाटतो.

८. निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती यांना कंटाळून शिक्षक शिकवणे सोडून देतात का?

नोकरी सोडत नाहीत, पण मनाने बाजूला होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येते. तक्रार या तीन कामांबद्दल फारशी नसते. जनगणनेला घरोघर फिरताना कोणत्या घरातील मूल शाळेत नाही हे कळते, असे म्हणणारे जुने शिक्षक आहेत. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम मात्र निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर चालते. आणि खरा त्रास कलमात न बसणाऱ्या, कागदोपत्री "शैक्षणिक" ठरणाऱ्या कामांचा आहे: सरल आणि यू-डायस या ऑनलाइन प्रणालींत शाळेची माहिती भरणे, आधार जुळवणी, पोषण आहाराची रोजची नोंद, छायाचित्रे काढून पाठवणे. ज्या पाड्यावर मोबाईलला रेंज टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही, तेथे दोन शिक्षकांपैकी एक जण ठरावीक वेळी टेकडीवर असतो.

टिकून राहिलेल्यांची यावरची युक्ती साधी आहे. ते पहिले दोन तास कोणत्याही कारणाने सोडत नाहीत आणि माहिती दुपारनंतर भरतात. त्यामुळे कधी कधी "आपली माहिती अप्राप्त" अशी यादीत नाव येण्याची नामुष्की पत्करावी लागते. मी ती बरीच वर्षे पत्करली.

९. एकाच गावात दीर्घकाळ राहणारे आणि बदली घेऊन जाणारे, यांत खरा टिकलेला कोण?

बदलीवरून माणसाची निष्ठा ठरवू नये. म्हातारे आईवडील, जोडीदाराची नोकरी, मुलांचे शिक्षण ही कारणे खरी असतात, आणि अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षे काढलेल्याला बदलीचा अधिकार देण्याचे धोरण न्याय्यच आहे. आंतरजिल्हा बदलीने स्वतःच्या जिल्ह्यात जाणारा शिक्षक तर सेवाज्येष्ठता गमावून नव्या यादीत तळाशी जातो. तेवढी किंमत देऊन तो जातो, याचा अर्थ गरज तेवढी मोठी असते.

मात्र गावात राहण्याचा फायदा असतो, हेही नाकारता येत नाही. सहा-सात वर्षांत शिक्षकाला घरे कळतात. कोणाचा बाप पितो, कोणत्या मुलीला धाकटी भावंडे सांभाळावी लागतात, कोण आजीकडे राहतो, हे कळले की गैरहजेरीचा अर्थ लागतो. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहण्याच्या आणि त्यावर मिळणाऱ्या घरभाडे भत्त्याच्या वादात हा मुद्दा हरवला आहे. शिक्षक येथेच राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडला म्हणजे शिक्षक गावात राहिला असे होत नाही. उलट रोज तीस किलोमीटर अप-डाऊन करूनही प्रत्येक घर ओळखणारे शिक्षक आहेत.

१०. शिक्षिका टिकतात कारण ही "सोयीची नोकरी" आहे, असे सासरचे लोक म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यावे?

त्यांना एकदा सकाळी साडेपाचला उठून डबे करून, दोन वाहने बदलून, शेवटचे तीन किलोमीटर चालत पाड्यावर न्यावे. सोय एवढीच, की सुट्ट्या मुलांच्या सुट्ट्यांबरोबर येतात. राज्यात २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, परंतु द्विशिक्षकी शाळेत ती मागताना आपल्यामागे शाळा एकशिक्षकी होणार, ही बोचणी असते आणि अनेक जणी ती मागतच नाहीत. माझ्या ओळखीच्या शिक्षिका टिकल्या त्याचे कारण मला असे दिसते, की घरात सून किंवा वहिनी असलेल्या बाईला शाळेत "बाई" किंवा "मॅडम" म्हणून स्वतःचे असे एक स्थान मिळते, तेथील निर्णय तिचे असतात आणि स्वतःच्या पगाराचे खाते असते. या स्वायत्ततेला सोय म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

११. जुनी पेन्शन गेली, आता तरुण शिक्षक कशासाठी टिकतील?

१ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही आणि त्यांना अंशदान योजनेत जावे लागले. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप याच मागणीसाठी झाला आणि त्यात शिक्षक मोठ्या संख्येने होते. एकाच शिक्षकखोलीत, एकच काम करणारे, पण म्हातारपण वेगळे असलेले दोन गट बसतात, ही स्थिती जाचक आहे. तथापि पेन्शन हे शेवटच्या दहा वर्षांत धरून ठेवणारे कारण असते. पंचविशीतील शिक्षक पेन्शनसाठी दुसरीला वाचायला शिकवीत नाही. म्हणून या प्रश्नाचा परिणाम शिकवण्यावर पडण्यापेक्षा चांगली मुले या पेशाकडे वळण्यावर अधिक पडेल, असे मला वाटते.

१२. सर्वोच्च न्यायालयाच्या टीईटीच्या निकालानंतर जुन्या शिक्षकांनी काय करावे? ते टिकणार का?

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना ती न देता निवृत्तीपर्यंत राहता येते, पण पदोन्नती मिळत नाही. अल्पसंख्याक संस्थांना हा नियम लागू करावा का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. आपल्या बाबतीत निर्णय घेताना त्यानंतरचे आदेशही पाहावेत.

पत्रांतून दिसणारी भीती मुख्यतः अपमानाची आहे. "ज्यांना मी शिकवले ती मुले आता परीक्षेला माझ्या शेजारच्या बाकावर बसतील," असे एका सहकाऱ्याने लिहिले. मी त्याला लिहिले, की बाकावर बस. बऱ्याच वर्षांनी आपल्यालाही कळेल की पेपर हातात आल्यावर मुलांचे हात का थरथरतात. अभ्यासक्रम बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर असा आपल्या रोजच्या कामाचाच आहे. सराव फक्त वेळेचा करावा लागतो.

१३. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी झालेला शिक्षक पेशात टिकला, असे म्हणायचे का?

नोकरीत टिकला, शिकवण्यातून गेला. यात दोष काही नाही आणि उत्तम केंद्रप्रमुख दहा-बारा शाळांना सावरू शकतो. पण ज्यांना वर्गच आवडतो त्यांनी केवळ लोक काय म्हणतील म्हणून खुर्ची स्वीकारू नये. वेतनश्रेणीचे लाभ (प्रश्न २ पाहा) वर्गात राहूनही मिळतात.

१४. मी शिक्षक आहे, पण एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. मी मुलांना फसवतो आहे का?

अभ्यास करणे ही फसवणूक नाही. वर्गात मुलांना उतारा लिहायला लावून टेबलाखाली चालू घडामोडींचे पुस्तक वाचणे ही मात्र आहे. दोन प्रयत्न ठरवा, तारीख लिहून ठेवा आणि नंतर एकाच दिशेने जा. काही जण तहसीलदार होऊन गेले आणि सुखी आहेत. मला अधिक वाईट त्यांचे वाटते, जे चाळिशीपर्यंत "तात्पुरते" शिक्षक राहिले.

१५. काम न करणारेही टिकतातच. मग टिकण्याचे एवढे कौतुक कशाला?

हा आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच प्रश्न १ मध्ये मी नोकरीत टिकणे आणि शिकवण्यात टिकणे वेगळे केले. जी सुरक्षितता चांगल्या शिक्षकाला राजकीय दबावापासून वाचवते, तीच कामचुकाराला लपवते. परंतु एक निरीक्षण नोंदवतो. मी ज्यांना कामचुकार म्हणून ओळखले, त्यांतील बरेच जण पहिल्या पाच वर्षांत तसे नव्हते. कोणी पटसंख्या घटल्यामुळे "अतिरिक्त" ठरून दोनदा समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवला जाण्यात, फिरला, कोणाच्या शाळेत सात वर्षे दुसरा शिक्षकच आला नाही, कोणाला गावातील भांडणात विनाकारण ओढले गेले. याने त्यांचे वागणे क्षम्य होत नाही, मुलांचे वर्ष तर वाया गेलेच. पण असा शिक्षक तयार होतो कसा, हे पाहिल्याशिवाय पुढचा तयार होणे थांबणार नाही.

१६. मी बारा वर्षांनी बदलीने घराजवळ आलो. सगळे मनासारखे झाले, तरी शिकवण्यात मन लागत नाही. काय करावे?

अशी पत्रे वर्षातून तीन-चार येतात आणि लिहिणाऱ्यांना वाटते की असे फक्त त्यांनाच होते. पूर्वीच्या शाळेत तुम्ही गावाचे गुरुजी होता. येथे वीस शिक्षकांच्या शाळेत पाचवी "ब"चे वर्गशिक्षक आहात. मुलांना घरी शिकवणारे आईवडील आहेत, शिकवणी आहे, त्यामुळे प्रश्न ६ मध्ये सांगितलेले ते "आपले" फळ दिसत नाही. पुढच्या जूनमध्ये मुख्याध्यापकांकडे पहिलीचा वर्ग मागून पाहा. मोठ्या शाळेत तो वर्ग सहसा कोणालाच नको असतो, त्यामुळे नकार मिळण्याची शक्यता कमी आहे.